फोडणीची वॉल्ट्झ

चाळिशी ओलांडल्यावर बायकोने चेलो, म्हणजे ते माणसाएवढं व्हायोलिन, शिकायला घेतला, तेव्हा मी हरकत घेतली नाही. या वयात माणसं मॅरेथॉन पळतात, नाहीतर अध्यात्माकडे वळतात. त्या मानाने चेलो बरा, तो निदान एका कोपऱ्यात गप उभा राहतो, असं मला वाटलं होतं. तो कोपरा स्वयंपाकघरातला असेल, कारण तिथे आवाज चांगला घुमतो, हे नंतर कळलं.

काही वर्षांनी तिला अमेरिकेतल्या आमच्या गावच्या, वेस्ट विंडसरच्या, हौशी वाद्यवृंदात जागा मिळाली. दिवसभर लॅबमध्ये, बँकेत किंवा लोकांच्या दाढांमध्ये डोकं घालून बसलेली माणसं मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि जुन्या युरोपची सेवा करतात. कंडक्टर म्हणजे एक निवृत्त बँडमास्तर. तालमीला तो स्वेटर घालून येतो, पण बोलतो मैफिलीतला शेपटीवाला काळा कोट घातल्यासारखा.

या वसंतातल्या कार्यक्रमाचा शेवट एका वॉल्ट्झने व्हायचा होता. तिची हकीकत अशी. व्हिएन्नातला कुणी संगीतकार ऑपेरेटा लिहायचा, म्हणजे हलकीफुलकी संगीत नाटकं. त्यांत पिऊन आलेले सरदार मुखवटा घातलेल्या स्वतःच्याच बायकोवर लाइन मारतात आणि तिसऱ्या अंकात सगळ्यांना सगळं माफ होतं. नाटक पडलं, चाली लोकांच्या तोंडी राहिल्या. मग त्याने त्यातल्या चार बऱ्या चाली उचलल्या, एकामागोमाग जोडल्या, तीन मात्रांच्या ठेक्यात बसवल्या आणि नाचायला दिल्या. आपल्याकडे रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचं सकाळी जे होतं, तेच. ते नाटक आज कुणाला आठवत नाही. फोडणीची पोळी मात्र टिकली, आणि आता लोक ती काळे कपडे घालून, अजिबात न बोलता खातात.

ही वॉल्ट्झ लगेच सुरू होत नाही. आधी एक संथ प्रस्तावना असते, आणि तिच्या शेवटी चेलो एकटा एक छोटी चाल वाजवतो. चाल चढत चढत एका उंच सुरावर जाते आणि तिथे थांबते. हा सोलो कंडक्टरने माझ्या बायकोला दिला होता. घरी कुकरच्या शिट्यांमधून ती त्या सुरापर्यंत जायची, आणि निम्म्या वेळा एक पायरी आधीच घसरायची.

शेवटच्या तालमीत कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, "रविवारी कार्यक्रमात बघू. जुलैत पार्कमध्ये आपण हीच वॉल्ट्झ वाजवणार आहोत. रविवारी सूर लागला नाही, तर तिथे सोलो दुसऱ्या कुणाला देऊ." दुसरं कुणी म्हणजे तिच्या शेजारी बसणारा डेंटिस्ट. तो नम्रपणे हसला. दात अर्थातच उत्तम.

"सोलो गेला तर मी चेलोच परत देऊन टाकणार," ती घरी येऊन म्हणाली. चेलो भाड्याचा होता.

"अगं, एक सूर तर आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कचरा बाहेर ठेवायला गेलो.

त्या दिवसांत माझे सासरे नागपूरहून आलेले होते. वीज मंडळातून निवृत्त झालेले. मोहल्ल्यातल्या भीमजयंतीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात आयुष्यभर पहिल्या रांगेत बसलेले. गायकाने चांगलं गायलं की हात वर करून "वन्समोअर!" म्हणायचं काम तिथे त्यांचंच होतं. लेकीने त्यांना आदल्या दिवशीच बजावलं. "बाबा, मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत. खोकायचंही नाही."

"मग लोकांना बोलावता काहून? घरीच वाजवून घ्यायचं ना."

कार्यक्रम दुपारी होता. बाबा पोटभर जेवून, कोट घालून बसले. हातातल्या पत्रकावर लिहिलं होतं की खोकल्याच्या गोळ्यांचे कागद आधीच सोडून ठेवावेत. वॉल्ट्झच्या आधी कंडक्टर प्रेक्षकांकडे वळला आणि त्याने भाषण केलं. जुन्या व्हिएन्नात प्रेक्षक कसे रसिक होते, एखादी चाल आवडली की आरडाओरडा करून तिथल्या तिथे पुन्हा कशी गाऊन घ्यायचे, ती आग आता कुठे उरली, वगैरे. मी बाबांना सांगायला वळलो, तर त्यांची हनुवटी टायवर टेकलेली.

प्रस्तावना सुरू झाली. मग सगळे थांबले आणि ती एकटी वाजवू लागली. गज थरथरतोय हे मला सातव्या रांगेतून दिसत होतं. चाल वर चढली आणि उंच सुराच्या अलीकडे घसरली. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. कंडक्टरने छडी हवेत धरून ठेवली, कारण इथे एक विराम लिहिलेला आहे. डेंटिस्ट आपल्या पानाकडे बघत राहिला. हॉलमध्ये गोळीचा कागदही वाजला नाही.

"वन्समोअर!"

बाबा खडबडून जागे झाले होते आणि त्यांचा हात वर होता.

कंडक्टर वळला. सगळा हॉल वळला. माझ्या बायकोने मान खाली घातली. मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येतं तेवढा सरकलो. मग मागून एक अमेरिकन आजी मोठ्याने म्हणाली, "अहो, तुम्हीच तर आत्ता सांगितलंत!" कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बिचारा कंडक्टर. पाचच मिनिटांपूर्वी त्याने त्या आगीबद्दल गळा काढला होता. तो कसंबसं हसला, वादकांना काहीतरी म्हणाला आणि त्याने चेलोकडे छडी दाखवली.

दुसऱ्या वेळी ती घाबरलेली नव्हती, संतापलेली होती. संतापाने गज थरथरत नाही. सूर लागला आणि तिथेच थांबला. मग ठेका सुरू झाला आणि ते पिऊन आलेले सरदार गोल गोल फिरायला लागले. एवढ्या वर्षांत मला वॉल्ट्झ पहिल्यांदाच आवडली.

कार्यक्रम संपल्यावर कंडक्टर येऊन तिला म्हणाला, "जुलैत तुम्हीच." बाबांशी त्याने हात मिळवला, पण जरा लांबूनच.

घरी येताना मी गाडी चालवत होतो. मागे चेलो आणि बाबा शेजारी शेजारी, दोघांनाही बेल्ट. बायकोने मागे वळून विचारलं, "बाबा, मी चुकले म्हणून ओरडलात ना?"

"चुकली होतीस?"

"म्हणजे?"

"अगं, डोळा लागला होता माझा. जाग आली तर समोर तू, वाजवून थांबलेली, अन् एक माणूस दाद देईना. म्हटलं, कशी माणसं आहेत ही!"

"म्हणजे तुम्ही ऐकलंच नव्हतं?"

"दुसऱ्या खेपेला ऐकलं की. चांगलं होतं." जरा थांबून म्हणाले, "पण लई लवकर संपलं."

ती समोर वळली.

"जुलैत मी पहिल्याच वेळी नीट वाजवणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही खुशाल झोपा."