काजळ लावलेला बूश

मला तारलं ते कारंजा गावच्या एका कारागिरानं आणि त्याच्या बायकोनं. मी चौथीतच शाळा सोडून रत्नागिरीकडून इतक्या लांब आलेला. कापसाच्या व्यापाऱ्याची फटफटी चालवणं हीच माझी भाकरी. पुढच्या चाकाचा बूश, म्हणजे आसावर बसणारं पितळी कडं, फुटला, तेव्हा नोकरी गेली असंच मी धरून चाललो.

कारागिराच्या ओसरीवर घरीच जुळवलेला लेथ होता. बायको पायानं तो फिरवायची आणि तो पितळ कातायचा. बूश झाल्यावर त्यानं तिची काजळाची डबी उघडली, चाकाच्या आसाला काजळ फासलं आणि त्यावर बूश फिरवला. आत जिथं काळं लागलं, तिथं तो आसाला घासत होता; तेवढंच त्यानं कानशीनं घासलं. मी बघतच राहिलो.

"माह्या डोयाले काजय नाही, अन् लोकाइच्या फटफटीले रोज!" ती म्हणाली.

"तिले बी नजर लागते ना," तो हसला.

बूश बसवल्यावर चाक गरगर फिरलं. मग त्यानं हळूच विचारलं, "भाऊ, जोरात जाताना डोये उघडे राह्यते का हो? मी कंदी बसलोच नाही."

मालक खोळंबले होते, मला निघावं लागलं. पण एक दिवस त्याला मागं बसवून मानोरा गावापर्यंत नेईन, आणि त्याचं त्यालाच कळू देईन.