बंद गाडीतली नश्वा

आमच्या शुब्रा वस्तीतल्या गल्लीत गुपित टिकत नाही. नश्वाला मात्र गुपितच राखायचं होतं. ती शाळेत शिकवते. छातीत सारखी धडधड, डोळ्याला डोळा लागत नाही. घरात माणसंच माणसं, म्हणून ती खाली बंद पडलेल्या गाडीत बसून फोनवर समुपदेशक बाईंशी बोलायची. उकाड्यामुळे काच खाली करावीच लागे, मग काय, सगळं बाहेर ऐकू येई!

माझं इस्त्रीचं दुकान गाडीला लागूनच. "आईपुढे हसत राहते, बाई. तिला कळलं तर ती खचेल," नश्वा सांगत होती. पाय सारखा ब्रेकवर आपटत होता.

भाजीवाला थबकला. "पोरी, पुदिना उकळून पी!"

"तुला कुणी विचारलं? चल, पुढे हो!" मी खेकसलो.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून दोरीची टोपली हेलकावे खात उतरली. एरवी तिच्यातून पाव वर जातो, आज चहाचा ग्लास खाली आला.

वरून तिची आई म्हणाली, "पिऊन घे, नश्वा. आणि त्या बाईंना विचार, माझ्यासाठी वेळ आहे का? मीपण तुझ्यापुढे हसतच असते."