जंबोच्या शेपटीतल्या दोन सीटा

धायरीहून अमेरिकेला निघालो ते मुलीच्या, मंजूच्या बाळंतपणासाठी. जावई तिकडे कॉम्प्युटरमध्ये. आमच्या गल्लीत आता घराआड एक मूल तिकडे आहे, म्हणून सीटांचं तेवढं सविस्तर लिहितो.

मी सीटा शिवणारा माणूस. रिक्षा, टेम्पो, बस; फोम, रेक्झिन, काथ्या, सगळं बघून बघून शिकलो. त्यामुळे सीट निवडण्याचं काम मी दुसऱ्याकडे देत नाही.

मुंबईच्या विमानतळापर्यंत शेअर टॅक्सी केली. पुढची सीट कुसुमला, म्हणजे आमच्या मंडळींना. तिचा गुडघा तासातासाला सरळ करावा लागतो. वाटेत वडे खाऊ नका, घरून दशम्या न्या.

काउंटरवरची मुलगी मराठी निघाली. "काका, मागे खिडकीकडे दोनच सीटांच्या ओळी आहेत. देऊ?"

"मागची नको. हादऱ्यांनी मागच्या सीटांचे फोम सगळ्यांत आधी बसतात. पंखाजवळची दे."

"अहो, ती काहीतरी सांगतेय," कुसुम म्हणाली.

"तिला कॉम्प्युटर कळतो. मला सीट कळते."

जंबो विमान म्हणजे लांबट मंगल कार्यालय. तीन सीटा, वाट, चार सीटा, वाट, पुन्हा तीन. अंगठ्याने फोम दाबून पाहिला. बरा होता, पण सीट मांडीखाली आखूड आणि गुडघ्यापुढे जागा चार बोटं. कुसुम खिडकीशी, मी मध्ये, वाटेकडे एक धिप्पाड गृहस्थ. ते डोळ्यांवर पट्टी बांधून झोपले ते उतरायलाच उठले. कुसुमला ढग बघायची हौस. दिसला तो पंख. उठायला लागू नये म्हणून तिने पाणी पिणंच सोडलं.

मी गृहस्थांना ओलांडून पाय मोकळे करायला गेलो. शेपटीकडे विमान निमुळतं होतं, तिथे खिडकीकडे खरंच दोनच सीटा. एक आजी शेजारच्या आजोबांच्या मांडीवर पाय टाकून घोरत होत्या. परत आलो आणि काही बोललो नाही.

उतरताना कुसुमची चप्पल पायात जाईना. बाहेर मंजूला पोटाशी धरून ती म्हणाली, "यापुढे तूच येत जा गं. मी काही परत विमानात बसायची नाही." डिंकाच्या लाडवांचा डबा मी उगाच या हातातून त्या हातात घेत राहिलो.

नात झाली. निघायच्या आदल्या दिवशी तिला मांडीवर घेऊन कुसुम म्हणाली, "डोळे भरून बघून घेते. परत कुठली दिसतेय." मग मला राहवेना. शेपटीतल्या आजींचं सांगून टाकलं.

"म्हणजे तुम्ही बघून आला होतात?"

"हो."

"आणि गप्प बसलात."

"हो."

"सीट कळते म्हणे."

परतताना काउंटरवर पुढे तीच झाली. दोन बोटं दाखवली, मानेने मागे खुणावलं आणि म्हणाली, "लास्ट." मिळाल्या. दोन सीटांमधला हात वर केला की तिचे पाय माझ्या मांडीवर आणि खिडकीत नुसते ढग. हादरे मात्र बसलेच, संडासाची वर्दळही होती. माझंच बरोबर होतं हे सांगायला वळलो, तर ती गाढ झोपलेली.

परवा कर्वेनगरहून विहीणबाई आल्या होत्या. आता नातीला बघायला त्या निघाल्यात. कुसुमने सांगितलं, "शेपटीतल्या दोन मागून घ्या. यांना विचारू नका, यांना फक्त फोम कळतो. पोर वर्षाची झाली की आम्हीही जाऊच."

मी म्हटलं, "तू परत विमानात बसणार नव्हतीस ना?"

"तुमच्या पसंतीच्या सीटवर," ती म्हणाली आणि विहीणबाईंपुढे पोह्यांची बशी सरकवली.