चार खणांचा साचा

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा माहेरचं एक पितळी मापटं बरोबर आणलं होतं. बीडकडचं आमचं घर वीस-बावीस माणसांचं. सणाला चार मापटी तांदूळ शिजायचा आणि तेच प्रमाण माझ्या हातात बसलेलं. इथे माणसं दोन, मी आणि आमचे हे. मन घट्ट करून निम्म्यावर आणलं तरी दोन मापटी व्हायचीच. पातेलं चढलं की हे दारातूनच विचारायचे, "कंपनीचं कँटीन आजपासून आपल्याकडे आलं का?"

त्यांच्या मते मी अंदाजात कच्ची. मी कच्ची नव्हते, मला पंगत हवी होती. वाढता वाढता कंबर दुखावी, कुणीतरी नको नको म्हणावं आणि मी तरी वाढावं, एवढंच. पण आमच्या ओळीत चार खोल्या, चार बिऱ्हाडं आणि ज्याचा त्याचा सण. आपलं ताट सोडून दुसऱ्याकडे जेवायला कोण येणार? बोलावलं की बायका हसून म्हणायच्या, "वहिनी, आज आमच्याकडेही केलंय ना." मग आम्ही दोघंच समोरासमोर बसून पुरणपोळी खायचो आणि मला भरून यायचं. डोळे का लाल, असं यांनी विचारलं की मी कांद्यावर ढकलायचे.

उरलेलं पुढे दोन दिवस पुरायचं. फोडणीचा भात, भाताचे वडे, परत फोडणीचा भात. हे सगळं खायचे, पण टोमणा मारल्याशिवाय नाही.

हे कंपनीत गेज बनवायचे, म्हणजे इतरांनी केलेला माल बरोबर आहे की नाही ते तपासायची मापं. इंचाच्या हजाराव्या भागाला ते थाऊ म्हणायचे आणि एक थाऊ इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. घरातसुद्धा पाट भिंतीशी काटकोनात नसला तर यांना घास उतरत नसे.

एकदा नवीन मशिन बसवायला परदेशी इंजिनिअर आला. त्याच्या बायकोचं वॅफल भाजायचं विजेचं यंत्र बंद पडलं, ते दुरुस्त करायला यांना पाठवलं आणि झाल्यावर तिनं यांना एक वॅफल खाऊ घातलं. घरी आले ते तोच विषय घेऊन.

"जाड धिरडंच म्हण. पण दोन्ही बाजूंनी चौकोनी खड्डे."

"खड्डे कशाला?"

"त्यात मध राहतो."

"आपल्या धिरड्यावरून कधी काही वाहून गेलंय का?"

पण स्टोव्हवर चालेल असा वॅफलचा साचा करायचा हे त्यांचं ठरलेलं होतं. "तुझं उरलेलं सगळं त्यात घालू," म्हणाले. भंगारातलं ॲल्युमिनियम रीतसर अर्ज करून घेतलं, जेवणाच्या सुट्टीत काम केलं आणि होळीच्या आदल्या दिवशी 'जाळीदार तवा, एक नग' असा गेटपास दाखवून साचा घरी आणला. बिजागरीनं जोडलेल्या दोन जाड पाट्या, लांब दांडे, लाकडी मुठी. आत चार खण. एका वेळी चार वॅफल.

"माणसं दोन आणि खण चार," मी म्हटलं. "माझ्या अंदाजाला नावं ठेवता ना?"

हे बिजागरीला तेल घालू लागले.

धुळवडीला मी उरलेला भात, बटाट्याची भाजी आणि कटाची आमटी एकत्र केली, बेसन आणि ज्वारीचं पीठ घालून कालवली आणि साचा स्टोव्हवर चढवला. वास सुरेख सुटला. पण साचा उघडेना. एक दांडा मी धरला, एक यांनी, आणि दोघांनी ओढलं. उघडला तेव्हा अर्धा माल वरच्या पाटीला, अर्धा खालच्या. हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन खड्डे कोरायला बसले. धूर पाहून शेजारच्या भाभी धावत आल्या. त्यांच्या मियाँचं थेरगावला गॅरेज होतं, त्यांना धुराची सवय होती.

"काय जळतंय वहिनी?"

"आमच्या ह्यांची कारागिरी."

यांनी सगळा दोष पिठाला दिला. साच्यात एका थाऊचीही चूक नाही म्हणाले आणि काटकोन तपासायचा गुण्या लावून दाखवला. खरंच, एकेका खड्ड्याची भिंत ताठ उभी होती. मी जेवताना वाटीत भात दाबला, त्यांच्या ताटात उपडी केली आणि मूद पडली. भात अजून होताच, माझ्या घरी भात संपत नसे.

"ही कशी सुटली?" मी विचारलं.

"वाटीला पाणी लावलंस म्हणून."

मी एक उभ्या भिंतीचा डबा घेतला, त्याला पाणी लावून भात भरला आणि त्यांच्या हातात दिला. हे डबा आपटत बसले, भात सुटेना. मग त्यांनी वाटी उचलली, आतून बोट फिरवलं, उष्ट्या हातानंच कपाटातून कोनमापक काढला आणि लावून पाहिला.

"तिरपी आहे," ते हळूच म्हणाले. वाटीनं विश्वासघात केला असावा असा चेहरा झाला होता.

माल सुटावा म्हणून भिंतीला उतार द्यायचा, हे साचे करणाऱ्यांना पहिल्या दिवशी शिकवतात म्हणे. यांची सगळी नोकरी सरळ करण्यात गेलेली. पुढचे दोन रविवार ते कानस घेऊन एकेक भिंत तिरपी करत बसले. सरळ असलेलं वाकडं करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

पाडव्याला परत तेच. दोन मापटी मसालेभात आणि जेवायला दोघं. दुसऱ्या दिवशी हे पहिल्या शिफ्टहून चारला आले आणि मी साचा तापवला. या वेळी चारही वॅफल अलगद सुटली. वासावर भाभी आल्या, एक खाल्लं, घरी जाऊन डाळीचं पातेलं घेऊन आल्या. मागून समोरच्या घरातल्या आमच्या घरमालकीणबाई.

"आवं, ह्ये जाळीचं धपाटं हाय व्हय?" त्यांनी तुकडा मोडून तोंडात टाकला. "आमच्याकडं बी भात उरलाय. त्यो बी घाल की."

मग ओळीतल्या उरलेल्या दोन बिऱ्हाडांतूनही पातेली आली. सणाचं ताट कुणी सोडत नाही, पण शिळं कुणाला एकट्यानं खायचं असतं? ओसरीवर वर्तमानपत्रं अंथरली गेली, ओळीनं माणसं बसली. हे साचा उलटत होते, मी वाढत होते. मालकीणबाई "न्हाई न्हाई, पुरं आता" म्हणाल्या आणि मी तरी वाढलं. माझी कंबर मोडून आली. मी फार सुखात होते.

सगळे गेल्यावर हे ब्रश घेऊन साचा घासायला बसले. मी विचारलं, "खरं सांगा, खण चार का केलेत?"

"तुझ्या मापानं केला," मान वर न करता ते म्हणाले. "पुरणाच्या स्वयंपाकात कांदा नसतो, एवढं मलाही कळतं."

अक्षय्य तृतीयेला मी पितळी मापटं घेऊन तांदळाच्या डब्यापाशी बसले. दोन भरली. हे दारात उभे होते.

"तीन घे," म्हणाले.