चित्रातला कडुलिंब

दादाला मारलं त्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याबरोबर नगरला निसर्गचित्रांचं प्रदर्शन बघायला आला होता.

मी तेव्हा नगरला कॉलेजात शिकत होतो. शाळेत मला चित्रकला शिकवणारे गुरुजी दुष्काळाच्या आधी कर्जतकडच्या आमच्या रानात चित्र काढत बसले होते. दादा त्यांना दुपारची भाकरी नेऊन देई. त्यांचा निरोप आला, ‘तुमचं रान भिंतीवर लागलंय. भावाला घेऊन ये.’ मी दादाला आणायला घरी गेलो.

बांधावरच्या कडुलिंबावरून आमचं आणि चुलत्याचं वैर होतं. हद्दीचा दगड कुणी उपटला ते कळलं नव्हतं. एरवी त्या झाडाकडे कुणी पाहिलंही नसतं. पण चारा संपला, आणि दोन्ही घरच्या शेळ्या त्याच्याच पाल्यावर जगत होत्या. फांदी तुटली की शिव्या, शिव्या संपल्या की दगड. आता सरकारी मोजणी व्हायची होती.

त्या दिवशी चुलतभाऊ नगरजवळच्या नागापूरला कारखान्यात काम बघायला निघाला होता. एसटीत दादाचं बोलणं त्याने ऐकलं आणि तो आमच्या मागोमाग हॉलात शिरला.

चित्रात जोंधळा हिरवागार होता. विहीर होती. आणि लिंब बांधाच्या अलीकडे, सरळ आमच्या रानात उभा होता.

दादाने माझं मनगट धरलं. “बघ. लिंब आपल्यात हाय. शिकल्याल्या मानसानं काढलंय.”

गुरुजी हसले. “अहो, झाड मी अलीकडे घेतलं. नाहीतर ही बाजू रिकामी पडत होती.”

“झाड कुनाला हलवता येतंय व्हय, गुर्जी? तुमी भिऊ नका. मोजणीदाराला एवढंच सांगा.”

मागून चुलतभाऊ खदखदला. “मग सोड की शेळ्या त्याच कागदावर! लई पाला हाय.”

दादाने वळून त्याची मान धरली आणि त्याचं डोकं चित्रावर आपटलं. काच फुटली. कपाळ फाटलं, रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं. आंधळ्यासारखी त्याने मूठ फिरवली. दादाचा दात फरशीवर पडल्याचं मी ऐकलं. लोक दाराकडे पळाले. मी दादाला मागे ओढलं, तर सदराच फाटून माझ्या हातात आला. गुरुजी उरलेल्या चित्रांपुढे हात पसरून उभे होते. शेवटी हॉलच्या शिपायांनी दोघांना सोडवलं.

“उद्या तोडतो लिंब,” चुलतभाऊ कपाळ पुसत म्हणाला. “मग बस भिंतीकडं बघत.”

त्या रात्री मी दादाबरोबर घरी परतलो. सकाळी चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन आला. दादा आधीच बांधावर गेला होता. मी वस्तीवरून धावत निघालो तेव्हा घाव ऐकू येत होते. मला वाटलं, झाडावर पडतायत.

दादा बुंध्याला पाठ लावून खाली घसरला होता. हात मागे, खोडाला धरलेले. एक घाव खांद्यात होता, दुसरा मानेत. साल ओली झाली होती. चुलतभाऊ बांधावर बसला होता, कुऱ्हाड मांडीवर.

“सरक म्हनलो हुतो,” तो मला म्हणाला. “सरकला न्हाई.”

दहाव्यानंतर गुरुजी ते चित्र घेऊन घरी आले. काच काढलेली होती, कडेला तपकिरी डाग होता. आईने चित्र मांडीवर घेतलं.

“ह्यात माझा ल्योक कुठं हाय?”

“माणूस नाही काढला, आई,” गुरुजी म्हणाले.

तिने चुलीजवळचा विळा उचलला, टोक कागदात खुपसलं आणि सगळा लिंब कापून काढला. चुलीत टाकला. तो जळेपर्यंत ती तिथून उठली नाही. गुरुजी आपलं चित्र परत न मागता उठून गेले.

राहिलेलं चित्र माझ्या खोलीत आहे. जोंधळा हिरवा आहे, विहीर आहे. झाडाच्या जागेतून मागच्या भिंतीचा चुना दिसतो.