मगरचाचांची पहिली निवड

मगरचाचा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. कुणाशी ओळख करून दिली की ते आधी त्याच्या पायांकडे बघायचे आणि मग मान हलवून एखादं वाक्य टाकायचे. माझ्या बायकोला पहिल्या भेटीत म्हणाले, "भाभी, उजवा घोटा कधीतरी मुरगळलाय तुमचा. जिना सांभाळून उतरा." घोटा मुरगळला होता हे खरं, पण कॉलेजात असताना. त्या दिवसापासून मात्र ती जिना उतरताना कठडा घट्ट धरायला लागली, ती शारजा सोडेपर्यंत. चाचांचं बोलणं असंच असायचं. त्यात काळजी असायची, पण ऐकणाऱ्याला धास्ती बसायची.

चाचा रत्नागिरीकडचे. दुबईतल्या एका गोदामाची पिकअप चालवायचे आणि शारजात आमच्याच इमारतीत चौघांच्या खोलीत राहायचे. मी दुबईत साइट इंजिनिअर होतो. तिथली भाडी झेपत नाहीत म्हणून शारजात घर घेतलेलं, त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांच्या पिकअपमधून परत यायचो. त्या ट्रॅफिकमध्ये माणसांना एकमेकांची कुंडली पाठ होते. 'मगर' हे नाव त्यांना कबड्डीनं दिलं होतं. पन्नाशीला टेकलेले, पोट सुटलेलं, पण डाव्या कोपऱ्यात उभे राहिले की चढाईला आलेल्याचा घोटा हां हां म्हणता त्यांच्या मुठीत जायचा, आणि एकदा गेला की सुटायचा नाही.

पकड झाली की बाकीचे भिडू अंगावर पडतात आणि माणसांचा ढीग होतो. आम्ही पॉइंट मिळाला म्हणून नाचायचो. चाचा मात्र एकेकाला बखोटीला धरून बाजूला ओढायचे, खाली सापडलेल्याच्या तोंडाशी वाकायचे आणि ओरडायचे, "नाव सांग! बोल, नाव सांग!" तो नाव सांगेपर्यंत त्याला सोडत नसत. आम्ही याची यथेच्छ टिंगल करायचो. "चाचा, तुम्ही एअरपोर्टवर इमिग्रेशनला नोकरी धरा," असं मी स्वतः कितीदा म्हणालो असेन. चाचा थट्टेला हसणारे होते, बायकोच्या फोनवरूनही त्यांना चिडवलेलं चालायचं. या एका थट्टेला ते कधी हसले नाहीत.

हिवाळ्यात शुक्रवारी तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज झाली की आमच्या इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटवर सामने व्हायचे. वाळूवर पाणी मारायचं, चुन्यानं रेषा आखायच्या, की झालं मैदान. पूर्वी गावागावांच्या टीम असत, आणि गावागावांची भांडणंही विमानात बसून इथे येत. एकदा डोकी फुटली, पोलीस यायची वेळ आली, तेव्हा जाणत्या मंडळींनी गावांच्या टीम खलास केल्या. त्याऐवजी चार कप्तान. सगळे खेळाडू रांगेत उभे, चिठ्ठी टाकून कप्तानांचा क्रम, आणि मग आळीपाळीनं एकेकानं एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव पहिलं येई तो वर्षभर कॉलर ताठ करून फिरायचा. चाचा आमचे कप्तान. ते रांगेपुढून खाली मान घालून चालायचे आणि सगळ्यांना चपला काढायला लावायचे.

बारीक माणूस ते घ्यायचे नाहीत. कितीही चपळ असो, नाही म्हणजे नाही. "वजन म्हणजे ताकद नाही इंजिनिअर," ते म्हणायचे, "वजन म्हणजे छप्पर. वरून काही पडलं तर मध्ये काहीतरी पाहिजे ना?" मला हे बोलणं जुनाट वाटायचं.

त्या वर्षी लवंगी आला. खरं नाव दिनेश, अलिबागकडचा, कुरिअरच्या ऑफिसात कामाला. बनियन खांद्यावरून घसरावं असा अंगानं, पण सरावात सात जणांच्या घोळक्यात शिरून कुणाला तरी टिपून परत यायचा, आणि आम्ही एकमेकांना विचारत राहायचो, लागलं कुणाला? निवडीच्या आदल्या संध्याकाळी पिकअपमध्ये मी चाचांना गाठलं.

"चाचा, या वेळी नियम बाजूला ठेवा. लवंगीला घेऊ. पण फर्स्ट कॉल त्याच्यावर वेस्ट करायचा नाही. एवढ्याशा पोराला पहिल्या फेरीत कोण विचारतंय? तिसऱ्या फेरीपर्यंत आरामात उरेल. आधी रणगाडा उचला."

रणगाडा म्हणजे कोल्हापूरकडचा एक धिप्पाड सिक्युरिटी गार्ड. चारही कप्तानांचा त्याच्यावर डोळा होता.

"मी त्या पोराचे पाय बघितले," चाचा म्हणाले.

"कसे आहेत?"

"चांगले आहेत. तेच वाईट आहे."

एवढं म्हणून त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी पहिली चिठ्ठी आमचीच निघाली. रणगाडा छाती काढून एक पाऊल पुढे आलासुद्धा. चाचा त्याच्यासमोरून गेले, रांगेच्या टोकाला थांबले आणि म्हणाले, "हा. लवंगी." मैदानात आधी हशा पिकला, मग आमच्याच माणसांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या कप्तानानं रणगाड्याचं नाव इतक्या घाईनं घेतलं की त्याला ठसका लागला. लवंगी तेवढा हवेत होता. त्याच संध्याकाळी फोन बूथवर रांग लावून त्यानं गावी भावाला कळवलं, सगळ्यांत पहिलं नाव माझं घेतलं म्हणून.

आणि मग चाचांनी त्याला खेळवलंच नाही. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. लवंगी कडेला बसून बाटल्या द्यायचा. टीममध्ये कुजबुज सुरू झाली, मग उघड बोलणं. पहिला कॉल घालवून माणूस बसवून ठेवायचा, याला काय म्हणायचं? शेवटी एका संध्याकाळी पुलाखाली गाड्या ठप्प झालेल्या असताना मी चिडून विचारलं, "चाचा, घ्यायचाच नव्हता खेळायला, तर उचलला कशाला?"

चाचांनी इंजिन बंद केलं.

"गावच्या मैदानात खेळायचो तेव्हाची गोष्ट," ते म्हणाले. "खाडीपलीकडचा एक पोरगा चढाईला यायचा. असाच, एवढासाच. त्याचा घोटा माझ्या हातात आला. मी सोडला नाही. वरून सगळे पडले. मग सगळे उठले, तो उठला नाही. मी त्याला म्हटलं, नाव सांग. नाव मला माहीत होतं त्याचं. तरी तेच विचारत बसलो. बोललाच नाही."

मागची गाडी हॉर्न देत होती. चाचांना ऐकू येत नसावं.

"दुसऱ्या कुणी लवंगीला उचलला असता तर तो माझ्यासमोर आला असता. माझा हात आपोआप जातो इंजिनिअर. मला थांबवता येत नाही."

"त्या मुलाचं नाव काय होतं?"

"ते विचारू नकोस," असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

मी हे कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर चाचा वाकून "नाव सांग" म्हणायला लागले की माझी नजर दुसरीकडे वळायची.

अंतिम सामना रणगाड्याच्या टीमशी पडला. पडणारच होता. आमचा एक चढाईपटू ड्यूटीवर अडकला आणि दुसऱ्याचा गुडघा मध्यंतरापूर्वीच गेला. लवंगी बाटल्या खाली ठेवून चाचांसमोर उभा राहिला.

"चाचा, मला सांभाळू नका, खेळवा. भाऊ दर फोनला विचारतो, किती पॉइंट काढलेस? मी काय सांगू त्याला? पाणी वाटतो?"

चाचा त्याच्या पायांकडे बघत राहिले. मग पहिल्यांदाच मान वर करून त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. "जा," म्हणाले.

तो खेळला, आणि असा खेळला की समोरच्या टीमचे पाठीराखे आमच्या बाजूला येऊन उभे राहिले. आम्ही हरता हरता बरोबरीला आलो. सगळे नाचत होते. चाचा डाव्या कोपऱ्यात नव्हते, सरकत सरकत मध्यरेषेपाशी आले होते. मी त्यांना मागे व्हा म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही.

शेवटच्या चढाईत लवंगी एकाला टिपून वळला आणि समोरच्यांच्या कोपऱ्यातल्या भिडूनं त्याचा घोटा धरला. तो पालथा पडला, पण दम चालू होता, आणि हात रेषेकडे लांबवत तो वाळूतून सरपटत होता. वीतभर अंतर राहिलं असेल. पलीकडून रणगाडा धावत येताना मला दिसला. त्याच वेळी चाचांनी रेषा ओलांडली. आपल्या भिडूची चढाई चालू असताना बाकीच्यांनी रेषा ओलांडायची नसते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. चाचा लवंगीवर पालथे झाले आणि त्यांच्यावर रणगाडा, आणि रणगाड्यावर सगळे. आत काहीतरी मोडलं, ते मला ऐकू आलं.

पंचांनी शिट्टी वाजवली. सामना गेला होता. ढीग उपसला, सगळ्यांत खालून लवंगी बाहेर आला. अंगावर ओरखडाही नव्हता. "मी पोचलो होतो चाचा," तो रडत म्हणत होता, "मी रेषेला पोचतच होतो, तुम्ही का आलात?" चाचा हलले नाहीत. माझी सहा वर्षांची मुलगी कडेला बसली होती. "बाबा, इज ही डेड?" तिनं विचारलं.

मग लवंगी वाळूत गुडघे टेकून त्यांच्या तोंडाशी वाकला. "चाचा, नाव सांगा. नाव सांगा ना!"

चाचांचे ओठ हलले. "युनूस," ते म्हणाले. "युनूस."

चाचांचं नाव युनूस नव्हतं. लोक म्हणाले, मार डोक्याला लागलाय, भलतंच बोलतोय. मला मात्र पुलाखालची ती संध्याकाळ आठवली.

डोकं शाबूत होतं. खांदा मात्र असा मोडला की पुढे तो हात छातीच्या वर गेला नाही, आणि स्टिअरिंग फिरवता येईना तेव्हा नोकरीही गेली. शारजा विमानतळावर त्यांना सोडायला मी आणि लवंगी गेलो. सामान लवंगीनं उचललं. निघताना चाचांनी माझ्या पायांकडे बघितलं. "टाचा आतून झिजल्यात तुझ्या, चपला बदल," म्हणाले. मग लवंगीकडे वळून, "तू रेषेला पोचला असतास. मला दिसत होतं." एवढं बोलून ते आत गेले. वर्षभरानं गावाहून फोन आला, चाचा गेले.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मंडळींनी मला कप्तान केलं. पहिली चिठ्ठी माझी निघाली. लवंगी रांगेत होता, आणि आता त्याच्यावर कुणी हसत नव्हतं. मी त्याचंच नाव घेतलं. चाचांची भीती त्यांच्याबरोबर गेली, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होतं.

पहिल्याच सामन्यात त्याचा घोटा पकडला गेला. ढीग झाला. मी धावत रेषेपर्यंत गेलो आणि तिथे कसाबसा थांबलो. "नाव सांग!" मी ओरडलो. ढिगाखालून काही आवाज येईना. माणसं एकेक करून उठत होती, कुणालाच घाई नव्हती. चाचांनी इतकी वर्षं उरावर काय वागवलं असेल ते मला एवढ्याशा वेळात कळलं. मग खालून लवंगी खणखणीत ओरडला, "दिनेश! आणि हात रेषेवर आहे माझा, पंचांना सांगा!"

पॉइंट मिळाले, सामना जिंकलो, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी मात्र त्याला खाली उतरवून आधी त्याचे घोटे चाचपून बघितले.

पुढच्या शुक्रवारी मी लवंगीला बाहेर बसवलं.