कुसुमबाईंची अळंबी

कुसुमबाई अळंबी तोडत नसत. वारुळाशी बसून दोन बोटं मातीत घालायच्या, देठ तळापर्यंत मोकळा करायच्या आणि म्हणायच्या, "मूळ दिसू दे. वरून सगळेच सभ्य दिसतात."

आमच्या शाळेत त्या मराठी शिकवत, मी इंग्रजी. भाषावार राज्यं झाली आणि बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, तेव्हापासून त्यांच्या वर्गातल्या मुली कमी होत चालल्या होत्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मराठी बोलताना अडखळायचे, म्हणून गप्पच असायचे. बाई दमलेल्या असत. बहुधा त्यामुळेच आमचं जमलं. श्रावणातल्या रविवारी आम्ही असीरगडाच्या पायथ्याशी बसमधून उतरायचो आणि डोंगर चढायचो.

अळंबी उलटी करून त्या टोपीखालच्या चुण्या बघत. पांढऱ्या असल्या तर पिशवीत, हिरवट झाक दिसली तर दूर. संशयाची एक जरी आत गेली, तरी सगळी पिशवी रिकामी करायची.

लोधीपुऱ्यातल्या त्यांच्या शेजारीण काकूंना हे फिजूल वाटे. "ओ मास्तरीणबाई, भाजीत चांदीचा रुपया टाका ना. काळा पडला तर फेका. हाय काय त्यात?"

"रुपयाला पोट असतं का, काकू?"

काकू हसत आत गेल्या. मग बाई हळूच मला म्हणाल्या, "आमच्या घरी रुपया पांढराच राहिला होता. धाकटा भाऊ गेला."

पुढे त्यांना मोतीबिंदू झाला. नोकरी संपली आणि अकोल्याला पुतण्याकडे कायमचं जायचं ठरलं. "जायच्या आधी एकदा वारुळाची भाजी खाऊन घेऊ," म्हणाल्या.

त्या दिवशी चढताना त्या दर वळणावर बसत होत्या. वारूळ सापडलं तसं बोटांनी माती उकरून एकेक अळंबी माझ्या हातात देत गेल्या. "चुण्या तू बघ." पिशवी भरली. उतरल्यावर, बसची वाट पाहताना त्या म्हणाल्या, "एकदा परत बघ."

एक अळंबी मी उजेडात धरली. पांढरी वाटली. जरा फिरवली, तर तशी वाटेना.

"काय गं?"

त्यांचे सुजलेले गुडघे माझ्या समोरच होते. आता परत वर चढणं त्यांना जमणार नव्हतं.

"बाई, मला कळत नाही. हिरवट असेल कदाचित."

त्यांनी पिशवी मागून घेतली आणि झुडपामागे उलटी केली. हात पदराला पुसले.

"कदाचितची भाजी करत नाहीत, बेटा." पिशवीची घडी घालत म्हणाल्या, "आता तू एकटी आलीस तरी मला काळजी नाही."

घरी त्यांनी पिठलं केलं.

त्या अकोल्याहून परत आल्या नाहीत. श्रावणात मी अजून डोंगर चढते. पुष्कळदा रिकामी पिशवी घेऊन उतरते.